चिंचूची शेपूट

त्या रविवारी गोपाळशेट शिदोऱ्यांनी फक्त एक शर्ट इस्त्री करायचं ठरवलं होतं. एवढंच. रविवारी माणसानं काही ठरवू नये, हे लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर तरी त्यांना कळायला हवं होतं. पण मंडईजवळ सुतळी, काथ्या आणि दोरखंड विकणाऱ्या माणसाला आठवड्यात एकच दिवस मोकळा मिळतो, आणि तो खरंच मोकळा आहे असा त्याचा समज असतो.

हॉलमधला प्लग ठिणग्या उडवत होता. स्वयंपाकघरातल्या प्लगवर सुनीतीबाईंचा मिक्सर होता, आणि मिक्सर चालू असताना त्या प्लगला हात लावण्याची हिंमत शेटनी आजवर केलेली नव्हती. म्हणून इस्त्री घेऊन ते ऋचाच्या खोलीत गेले.

ऋचा ही त्यांची एकुलती मुलगी. गणपती उठले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोवन नावाच्या गावी गेली. (हे नाव नीट म्हणायला शेटना दोन महिने लागले. सुनीतीबाई अजूनही 'आईचं ओव्हन' म्हणतात, आणि ते अगदीच चूक वाटत नाही.) तेव्हापासून त्या खोलीचं दार लोटलेलंच असे. उघडं दिसलं की दोघांपैकी एकजण ते लोटून घेई.

तिथल्या प्लगमध्ये आधीच एक वायर होती. बटण बंद. दुसरा कोणी असता तर त्याने वायर उपटून इस्त्री लावली असती. पण उभा जन्म सुतळीत गेलेल्या माणसाला दोरीचं दुसरं टोक पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. शेट वायर धरून निघाले. वायर टेबलामागून गेली, पुस्तकांवर चढली आणि एका काचेच्या पेटीखाली शिरली. पेटीत एक करवंटी पालथी घातलेली होती, आणि करवंटीच्या खाचेतून एक डोळा शेटकडे बघत होता.

"अगं बाई!" शेट म्हणाले. (एरवी ते असं म्हणत नाहीत.)

ती चिंचू होती. चिंचू म्हणजे ऋचाची पाळलेली पाल. भिंतीवरची नव्हे, चांगली आफ्रिकेची, चिंचोक्याच्या रंगाची, अंगावर पांढरे पट्टे, आणि जातीचं वैशिष्ट्य म्हणजे जाडजूड शेपूट. या जातीची सगळी तब्येत शेपटीत असते, असं ऋचाने जाताना बजावलं होतं. आता ती शेपूट म्हणजे निव्वळ सुतळी झाली होती. तीही दोन पदरी, हलक्या मालाची. अंगावर अर्धवट कात लोंबत होती. पायांची बोटं कातीत आवळली गेली होती. डोळे तेवढे मोठे.

"अगं," शेटनी हाक मारली, "चिंचूला खायला कोण घालतं?"

"तुम्ही," मिक्सर थांबवून उत्तर आलं.

"मी? संक्रांतीपर्यंत ऋचाची मैत्रीण येत होती. ती बेंगळुरूला गेली तेव्हा तूच म्हणालीस, मी बघते!"

"बघते म्हणाले. घालते म्हणाले नव्हते. मी पाणी ओतते वरून, डोळे मिटून. आणि भाताची शितं टाकते. संपतात की!"

"मुंग्या नेतात ती!"

"मग मुंग्या खात असेल. मला काय माहीत, तुमची पाल." मिक्सर पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा थांबला. "आणि ते खालचं बटण मी आठवणीने बंद ठेवलंय हो. उगाच वीज जळत होती."

ते खालचं बटण पेटी उबदार ठेवणाऱ्या चटईचं होतं. म्हणजे अडीच महिने चिंचू थंड लादीवर, शितं बघत बसली होती.

त्याच संध्याकाळी ऋचाचा फोन आला. तो दर रविवारी येई आणि बरोबर तीन मिनिटं चाले. कसे आहात, जेवण काय, गुडघा कसा आहे, चिंचू कशी आहे, ओके बाय, मला कपडे धुवायला लावायचेत. 'चिंचू कशी आहे' याला शेटचं ठरलेलं उत्तर 'मस्त'. पण आज त्यांच्या तोंडून ते निघेना.

"जरा बारीक वाटते गं," ते म्हणाले.

"बारीक म्हणजे? शेपूट बारीक? बाबा, कॅमेरा लावा. लावा आधी!"

फोन संपला तेव्हा शेटनी पडद्यावर पाहिलं. बावीस मिनिटं, अकरा सेकंद. विमानतळावर निरोप देतानासुद्धा ती एवढं बोलली नव्हती. शर्ट राहिलाच. ज्यांच्या लग्नाला तो घालून जायचं होतं ते दोघं या गडबडीत नवरा-बायको होऊन मोकळे झाले.

सोमवारी शेटनी बुटांच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर चिंचू असा सरंजाम केला आणि रिक्षाने वाघोली गाठली. तिथे परदेशी प्राणी तपासणाऱ्या एक डॉक्टर आहेत, असं ऋचाने तिकडे बसून शोधून काढलं होतं. दवाखान्यात फॉर्म भरायला दिला. शेटचा हात पंचवीस वर्षांच्या सवयीने चालला. बालवाडी, शाळा, कॉलेज, पासपोर्ट, सगळीकडे जसं लिहीत आले तसंच त्यांनी लिहिलं, आणि थोड्या वेळाने आतून पुकारा झाला :

"चिंचू गोपाळकृष्ण शिदोरे!"

बाकावर दोन लॅब्रॅडॉर, एक मांजर आणि त्यांचे मालक होते. सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं. शेट उठले. हे नाव त्यांनी दुरुस्त केलं नाही. गंमत म्हणजे त्यांना ते ऐकायला बरं वाटलं. त्या चालीवर त्यांच्या घरातलं कुणाचं नाव कुणी पुकारल्याला बरेच दिवस झाले होते.

डॉ. सलोनी वयाने ऋचाएवढ्याच होत्या आणि रागवतही तशाच होत्या.

"काका, आहार काय होता?"

"साधाच. वरणभात."

"पालीला?"

"आमच्याकडे सगळे तेच खातात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग सांगितलं ते असं : ऊब चोवीस तास. कोमट पाण्यात रोज दहा मिनिटं पाय बुडवून कात सोडवायची. ओलसर शेवाळाची एक डबी करायची. पहिले काही दिवस औषध आणि पातळ आहार ड्रॉपरने. मग जिवंत अळ्या, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. "आणि काका, ही जगेल की नाही, मी आज सांगू शकत नाही."

परतीच्या रिक्षात शेटनी खोकं मांडीवर घट्ट धरलं. ड्रायव्हरने विचारलं, "काका, केक आहे का?" शेट म्हणाले, "हो, हळू घे."

मंडईत शेटच्या दुकानाला लागून इम्तियाजभाईंचं मासे-पाखरांच्या खाद्याचं दुकान आहे. वीस वर्षांचा शेजार.

"अळ्या?" इम्तियाजभाईंनी चष्मा वर केला. "शेट, मासे धरायला चाललात?"

"पालीसाठी."

"तुम्ही? अहो, तुमच्या गोणीवर पाल दिसली की तुम्ही माझ्या दुकानात येऊन उभे राहायचात. ती गेली का, ती गेली का, विचारत!"

"ती वेगळी. ही घरची आहे."

इम्तियाजभाईंनी चष्मा खाली घेतला. त्यांचा मुलगा राहिल तीन वर्षांपासून दोहाला आहे. त्यांनी चांगल्या टपोऱ्या अळ्या निवडून डबी भरली.

ती डबी थंड जागी ठेवायची असते. थंड जागा म्हणजे फ्रीज, आणि फ्रीज म्हणजे सुनीतीबाई.

"तीस वर्षं मी पिठातल्या अळ्या चाळून काढल्या," त्या शांतपणे म्हणाल्या. (त्या शांत बोलल्या की शेट आपोआप उभे राहतात.) "आता त्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या शेजारी, कोंडा घालून पाळायच्या. बरं. लोणच्यावर झाकण आहे, तुमच्यावर नाही, एवढाच फरक."

पण डबी त्यांनी फेकली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर चिकटपट्टी लावून ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ऋचाचं'.

आता रोज संध्याकाळी साडेसातला फोन येऊ लागला. तिकडे तेव्हा चारची कॉफी असते. शेट सातलाच दुकान बंद करून घरी पोचत, टेबलावर पसरट भांडं, कोमट पाणी, ड्रॉपर, कापसाचे बोळे मांडत, आणि ऋचा तिकडून सांगे : "बाबा, ओढू नका. भिजू द्या. हं, आता कापसाने. हळू. उजवं बोट. बाबा, तुमचं नाही, तिचं उजवं!" मधेच ती ऑफिसातल्या कुणाला तरी इंग्रजीत सांगे, माझे बाबा आहेत, ते माझ्या पालीचे पाय धुताहेत. तिकडून हसू येई. शेटना त्या हसण्याचं काही वाटत नसे. 'माझे बाबा आहेत' एवढंच ऐकू आलेलं असे.

आठव्या दिवशी औषध देताना चिंचू हातातून सुटली, ती थेट शेटच्या डाव्या खांद्यावर पडली. सुनीतीबाई धावत गेल्या आणि पंचांग घेऊन आल्या. अंगावर पाल पडल्याचं फळ सांगणारं कोष्टक त्यात शेवटी असतं. पाल कुठे पडली, काय होणार, सगळं ओळीने.

"डावा खांदा. मनस्ताप," त्यांनी वाचलं.

"तो चालूच आहे. पण हे कोष्टक आपल्या पालीचं. ही आफ्रिकेची."

"पडली पुण्यात ना? मग हेच." त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं आणि थांबलं. "उजवा खांदा. आप्तदर्शन."

"काय?"

"आपलं माणूस भेटतं." त्यांनी पंचांग मिटलं आणि आमटीला फोडणी द्यायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेट अळ्या भरवायला जरा लवकरच खोलीत गेले. चिंचूला तळहातावर घेतलं. हात उजव्या खांद्यावर उंच धरला, मान डावीकडे वाकवली आणि वाट बघत उभे राहिले. चिंचूही वाट बघत बसली. अळीची. असं किती वेळ गेला कोण जाणे. वळून पाहतात तो दारात सुनीतीबाई.

आता काहीतरी झणझणीत ऐकावं लागणार म्हणून शेटनी डोळे मिटले.

"हात जरा तिरका करा," सुनीतीबाई हळूच म्हणाल्या. "नुसती ठेवून नाही चालत. पडायला पाहिजे."

शेटनी हात तिरका केला. चिंचू पडली नाही. दमादमाने मनगटावरून उतरली, खांदा ओलांडून वर चढली आणि शेटचा कान चाटला.

"कानाचं काय दिलंय गं?"

"थांबा, चष्मा आणते," सुनीतीबाई म्हणाल्या. त्या बऱ्याच वेळाने परत आल्या, आणि आल्या तेव्हा पंचांग आणायला विसरल्या होत्या.

मे महिना लागला आणि शेपूट भरू लागली. सुतळीचा काथ्या झाला, काथ्याचा दोर झाला. एका संध्याकाळी अख्खी कात एका झटक्यात उतरली आणि आतून नवी कोरी, तुकतुकीत चिंचू निघाली. शेटच्या हातातून अळी तिने झडप घालून ओढून घेतली. शेटनी आनंदाने फोनवर ओरडून सांगितलं, "बरी झाली गं! एकदम ठणठणीत!"

"वॉव बाबा! यू आर द बेस्ट! हुश्श. मग आता टेन्शन नाही."

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शेटनी फोन उचलून बघितला, बंद करून चालू केला, सुनीतीबाईंना शेजारच्या खोलीतून फोन लावायला लावला. फोन चांगलाच होता.

इथे शेटमधला दुकानदार जागा झाला. पस्तीस वर्षांत ते धंद्यात एक गोष्ट शिकले होते. काथ्या भरपूर आहे म्हटलं की गिऱ्हाईक 'बघतो, उद्या येतो' म्हणतं आणि जातं ते जातंच. शेवटचं बंडल उरलंय म्हटलं की त्याचा पाय दुकानातून निघत नाही. त्यांनी मेसेज लिहिला : 'चिंचू कालपासून गप्प आहे.' (हे खोटं नव्हतं. ती जन्मापासून गप्प आहे.)

दोन मिनिटांत फोन वाजला. सत्तावीस मिनिटं.

मग काय विचारता! एके दिवशी चिंचूचं लक्ष नव्हतं, एके दिवशी तिला गळाल्यासारखं वाटत होतं, एकदा तर तिला उन्हाळी लागली. शेट फोनसमोर आवाज खाली आणून बोलत. चिंचूला शेवाळात अशी बसवत की शेपूट दिसू नये. फक्त तोंड दिसे, आणि या जातीचं तोंड मुळात थोडं दुःखीच असतं. नंतर शेट तिला दोन अळ्या जास्त देत. मेहनतीच्या.

"आज काय झालंय तिला?" सुनीतीबाई ताट वाढताना विचारत. "काल पित्त सांगितलंत. आज बाळंतपण सांगू नका म्हणजे झालं."

"तू नाही का फोनवर मधे तोंड घालत? चांगली दहा-दहा मिनिटं बोलतेस."

"मी बोलते. मी आजार शोधत नाही." पण फोन आला की त्या पदराला हात पुसत शेटच्या आधी खोलीत पोचलेल्या असत.

असे तीन आठवडे गेले. माणसाने हिशेबात राहावं. शेट गेले वाहवत. एका सोमवारी त्यांनी जरा जास्तच सुस्कारे टाकले, आणि तिकडून ऋचाचा आवाज एकदम बदलला.

"बाबा, मी येतेय. शुक्रवारी सकाळी पोचते. चार दिवस. तिला असं सोडून मला नाही बसवत इकडे."

"अगं, कशाला एवढी दगदग," शेट म्हणाले. आणि फोन ठेवून त्यांनी हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या, त्यातली एक जवळजवळ नाचत. तिसऱ्या फेरीला ऋचाच्या खोलीच्या उघड्या दारातून त्यांची नजर काचेच्या पेटीकडे गेली. पेटीत चिंचू ऐसपैस पसरली होती. मागे शेपूट. शेपूट कसली, जहाज बांधायचा दोरखंड!

"चार दिवस उपाशी ठेवा," सुनीतीबाईंनी कोरडेपणाने सुचवलं. "उतरेल."

शेटनी प्रयत्न केला. मंगळवारी संध्याकाळी अळ्या दिल्याच नाहीत. चिंचू काचेपाशी आली, पुढचा एक पाय काचेला लावला आणि वर बघत राहिली. तेच मोठे डोळे, पहिल्या रविवारचे. शेट पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी एक अळी दिली. मग पाच दिल्या. "तिचा काय दोष?" ते भिंतीला म्हणाले.

शुक्रवारी ऋचा आली. पाठीवरची सॅक न काढता, आईच्या गळ्यात अर्धी मिठी मारून सरळ खोलीत. शेट मागोमाग, पावलांचा आवाज न करता.

ऋचा पेटीवर वाकली. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. इथे खरी पाल गप्प होती आणि शंका नुसती उभी होती, सॅक घेऊन.

"बाबा. ही आजारी आहे?"

"कालपासून बराच फरक आहे."

"कालपासून? एवढी शेपूट?"

"औषध लागू पडलं असेल."

"बाबा, ही लठ्ठ झालीये! हिला डाएटवर ठेवायला लागेल!" ऋचा वळली. डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही होतं. "मी दोन रात्री झोपले नाहीये. मी दिवाळीची सुट्टी घालवली यात. आता दिवाळीला येता नाही येणार मला. का केलंत असं?"

दिवाळीचं ऐकून शेटचा चेहरा असा उतरला, की चिंचूची जुनी शेपूट बरी. गिऱ्हाइकाच्या तोंडावर माल फाटावा तसं झालं.  उत्तर दारातून आलं.

"पालीला वीस मिनिटं मिळायची," सुनीतीबाई म्हणाल्या. "आम्हाला दोघांत मिळून तीन. त्यातलं एक गुडघ्याचं."

 ऋचाने सॅक खाली ठेवली आणि ती जमिनीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, तिच्या अळ्या कुठायत?" शेटनी धावत जाऊन डबी आणली. डबीवरचं नाव वाचून ती हसली की रडली, ते शेटना चष्म्यावर वाफ आल्यामुळे नीट दिसलं नाही.

ते चार दिवस गोपाळशेट दुकानात फिरकले नाहीत. इम्तियाजभाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "शेटची मुलगी आलीये. काथ्या नंतर." घरात साबुदाण्याची खिचडी झाली, अळूची भाजी झाली. रात्रीची जेवणं दहापर्यंत लांबली. ऋचाने आईला आइंडहोवन म्हणायला शिकवायचा प्रयत्न करून सोडून दिला. दिवाळीचा विषय कुणीच काढला नाही.

जायच्या दिवशी सकाळी ऋचा स्टुलावर चढून काहीतरी ठोकत होती. शेट बघायला गेले. पेटीसमोरच्या फळीवर लिंबाएवढा गोल डोळा बसवलेला.

"कॅमेरा आहे बाबा. आता मला चिंचू तिकडून कधीही दिसेल. लाइव्ह! तुम्हाला रोज सांगायला नको, मला रोज विचारायला नको."

"छान सोय झाली," गोपाळशेट म्हणाले. थेट माल मिळायला लागला की मधला दुकानदार कसा उडतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. फक्त स्वतःच्या घरात, स्टुलाला स्वतः हात देऊन, पहिल्यांदाच पाहिलं.

ऋचा गेली. फोन पुन्हा रविवारचा झाला. तिनाची चार मिनिटं झाली, नाही असं नाही.

मात्र एक बदल झाला. गोपाळशेट आता रोज साडेसातला भांग पाडून ऋचाच्या खोलीत जातात आणि पेटीला लागून खुर्ची टाकून बसतात. वर्तमानपत्र वाचतात, अधूनमधून, काही कारण नसताना, कॅमेऱ्याच्या बाजूला तोंड करून मंद हसतात. सुनीतीबाई भाजी निवडायला तिथेच येतात. "उजेड चांगला आहे इथे," त्या म्हणतात. खोलीत चाळीसचा बल्ब आहे.

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी, चारच्या कॉफीच्या वेळेला, शेटच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी घाईघाईने चष्मा लावला. ऋचाचा मेसेज होता.

'बाबा, जरा सरका ना. तुमच्या डोक्यामागे चिंचू दिसत नाहीये.'

गोपाळशेटनी तो मेसेज दोनदा वाचला, सुनीतीबाईंना वाचून दाखवला, फोन जपून खिशात ठेवला, आणि सरकले.

अर्धा इंच.